दारातून जी पहिली येईल ती

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्नाचं मागणं घालायची एक पद्धत आहे. मुलगा मुलीला उपासनेनंतर खुर्च्या रचता रचता गाठतो, नजर जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, "प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलंय." झालं. पुढं त्या बिचारीला बोलायला जागाच उरत नाही. मुलाला नाही म्हणता येतं, पण साक्षात देवच त्याच्या कानात सांगून गेला असेल तर नाही म्हणायचं कुणाला? मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. खुर्चीतल्या माणसानं एकदा आ वासला की डॉक्टर काहीही विचारोत, त्याला घशातून हुंकार देण्यापलीकडे काही करता येत नाही. आमच्या मुलींचं तस्संच होतं.

ही पद्धत आली कुठून, ते मला पक्कं ठाऊक आहे. ती आमच्याच घरातून आली. आमचे हे मंडळीचे पास्टर. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, तिथं आमची उपासना भरते. आराधना रंगात आली, लोक हात वर करून अन्य भाषांत, म्हणजे आत्म्यानं सुचवलेल्या, कुणालाच न कळणाऱ्या बोलीत बोलायला लागले, की खालून रबराचा वास नेमका वर येतो. दर वर्षी तिथं जोडप्यांचा रविवार असतो. त्या दिवशी हे पुलपिटामागून बाहेर येतात, माईक हातात घेतात आणि आमच्या लग्नाची साक्ष देतात.

साक्ष अशी. हे तेव्हा रंगाच्या दुकानात कामाला होते, गिऱ्हाइकाला हवा तो रंग डब्यात कालवून द्यायचे. संध्याकाळी जुन्या प्रार्थनेच्या खोलीत गुडघे टेकून देवाला एकच विचारायचे, की माझी सोबतीण कोण. एका संध्याकाळी आवाज आला, "डोळे मिटून राहा. दारातून जी पहिली येईल ती." दार वाजलं, ह्यांनी डोळे उघडले, आणि दारात मी.

इथं हळुवार सूर सुरू होतात. बायका डोळे टिपतात. मी पहिल्या रांगेतून हसते. ते हसू मला दर वर्षी जरा महागच पडतं.

एक तर साक्ष वाढत चाललीय. पहिली काही वर्षं नुसता आवाज होता. टायरवाल्याच्या वर आलो तेव्हा त्यात उजेड आला. गेल्या वर्षी वारासुद्धा सुटला आणि त्यानं बायबलची पानं उलटली. मला आठवतंय तेवढं त्या खोलीतला पंखाही बंद होता. पण ते जाऊ दे, साक्षीला थोडा रंग चढायचाच, आणि हे तर मुळातले रंगवाले. माझं दुखणं वेगळं होतं. दारातून जी पहिली येईल ती, असं देव म्हणाला. समजा, दुसरीच कुणी आली असती तर? मग साक्षीत ती असती, आणि मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ह्यांना हे विचारलं होतं. तेव्हा हे पास्टरही झाले नव्हते, पण हसले अगदी पास्टरसारखे. म्हणाले, "पण आलीस तूच ना? हीच तर देवाची योजना." देवाची योजना म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो, त्याच्यापुढं अपील नाही. मी तेव्हा गप्प बसले, ती बसलेच.

तसा माणूस लाखात एक आहे. माझे पाय दुखले की न सांगता चेपून देतात, दवाखान्यातून यायला उशीर झाला तर स्वयंपाक करून ठेवतात. पण हे देवाचं सगळंच ऐकतात. कमाईचा दशांश देतात, उपवास धरतात, शत्रूसाठी प्रार्थना करतात, बायकोवर प्रेम करतात. त्या सगळ्या आज्ञांमधली मी एक. मला ह्याचं वाईट वाटायचं, सरळच सांगते. मी नुसती मी म्हणून ह्या माणसाला हवी होते का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि तेवढंच विचारायची सोय नव्हती. मला मागणं आलं तेव्हा मी त्याच दिवशी हो म्हटलं होतं. देवाला ताटकळत ठेवायची माझी हिंमत नव्हती.

साक्षीचा परिणाम व्हायचा तो झालाच. मंडळीतली पोरं पटापट आवाज ऐकायला लागली. आमच्या ड्रमवाल्याला प्रभूनं आधी कीबोर्ड वाजवणारी दाखवली. तिनं टाळाटाळ केली, तर तिची धाकटी बहीण दाखवली. मग नुकतीच गाण्यात आलेली एक सिस्टर. कीबोर्डवाली वैतागून दुसऱ्या मंडळीत गेली आणि कीबोर्ड तिचा स्वतःचा असल्यामुळे तोही गेला. तेव्हा कुठं पास्टरांचे डोळे उघडले. त्यांनी नियम केला की असा काही संदेश मिळाला तर तो आधी पास्टरांकडे आणायचा. मुलीजवळ तोंड उघडायचं नाही. पास्टर पारख करणार: संदेश बायबलच्या वचनाला धरून आहे का, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींना पटतो का, आणि मुलीलाही देवानं तेच सांगितलंय का. नियम चांगला होता. ड्रमवाल्याशी देवानं बोलणं बरंच कमी केलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी दुपारी चष्मेवाले काका आले.

स्टेजच्या मागं एक खोली आहे. तीत स्पीकरची खोकी, वायरींची भेंडोळी, प्रभुभोजनाचे इवलेसे पेले आणि पास्टरांचं टेबल, असं सगळं एकमेकांच्या अंगावर असतं. मी वायरी गुंडाळत होते. काकांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवारी हॉलच्या दारात उभे राहतात आणि आत येणाऱ्याचा चष्मा मागून घेऊन काचा पुसून देतात, म्हणजे पडद्यावरचे गाण्याचे शब्द नीट दिसावेत. एवढी सेवा ते करतात आणि कुणाच्या अध्यात न मध्यात.

काका खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "पास्टर, नियमाप्रमाणे आलोय. प्रभूनं मला एका सिस्टरबद्दल दाखवलंय."

ह्यांना कोण आनंद झाला. काकांचे दोन्ही हात हातात घेतले, हालेलुया म्हटलं, माणसानं एकटं असू नये हे वचन म्हणून दाखवलं आणि विचारलं, "बोला काका, कोण सिस्टर?"

"आपल्या आई."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्या," काका म्हणाले.

माझ्या हातातलं वायरीचं भेंडोळं सुटून घरंगळत टेबलाखाली गेलं. ते काढायला मी वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

माझ्या सासूबाई म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. सासरे लवकर गेले. बाईंनी भाड्याच्या गाळ्यात लाँड्री काढली, इस्त्र्या तापवून तापवून एकुलत्या एका पोराला वाढवलं. आता आमच्याकडे असतात. देव माणसाचं अंतःकरण बघतो, आमच्या सासूबाई कॉलर बघतात. पाहुणा उपदेशक कितीही अभिषेकानं, आत्म्यानं भारून बोलला तरी बाईंचा निकाल ठरलेला: "बोलला बरा, पण कॉलर आतून मळलेली होती."

पास्टरांनी पारख सुरू केली. आणि काय पारख केली. ड्रमवाल्याला कधी विचारले नव्हते असले प्रश्न काकांना विचारले. संदेश कोणत्या वचनातून आला? जागेपणी की झोपेत? जेवणाच्या आधी की नंतर? भरल्या पोटी माणसाला बरंच काही दिसतं, हेही ऐकवलं. काका बिचारे ततपप करत उत्तरं देत होते. शेवटी ह्यांनी त्यांना उपवास-प्रार्थना सांगितली आणि वडीलमंडळींची बैठक होईपर्यंत थांबायला सांगितलं. काकांना पित्ताचा त्रास आहे, तरी ते हो म्हणाले.

मी टेबलाखालून बाहेर येत म्हटलं की तिसरी अट राहिली, आईंना विचारायची. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही घरचाच माणूस फितूर झालाय.

संध्याकाळी सासूबाई ह्यांचे रविवारचे शर्ट इस्त्री करत होत्या. ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. हे खोलीत दोनदा आत-बाहेर झाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आई, एका ब्रदरना तुझ्याबद्दल दर्शन झालंय."

"कसलं? मी मेलेली दिसले का?"

"नाही गं. लग्नाचं."

इस्त्री थांबली नाही. सासूबाईंनी कोण म्हणून विचारलं. ह्यांनी सांगितलं. मग त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, शर्ट घडी घालून बाजूला सारला आणि चष्म्यावरून लेकाकडे बघितलं.

"मग तो तुझ्याकडे कशाला आला?"

हे म्हणाले की तसा नियम आहे. आधी आत्म्याची पारख करायची, मग वडीलमंडळी, मग जिच्याबद्दल आहे तिला.

"म्हणजे देवानं त्याला सांगितलं, त्यानं तुला सांगितलं, तू मला सांगतोयस. ह्या सगळ्यात मला विचारलं कुणी?"

मी दारात उभी होते. हे वाक्य माझं होतं. इतकी वर्षं ते माझ्यापाशी पडून होतं आणि मला उच्चारता आलं नव्हतं, आणि ह्या बाईंनी ते शर्टाची घडी घालता घालता बोलून टाकलं.

"उद्या त्याला चहाला बोलव," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा शर्ट घेतला.

रविवारी उपासनेनंतर काका आमच्या घरी आले. कॉलर धुतलेली, इस्त्री केलेली, पण एका बाजूनं करपलेली. सासूबाईंच्या नजरेतून ती सुटली नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत, ह्यावरूनच मी काय ते ओळखलं. हे मधल्या खुर्चीत बसले, मांडीवर बायबल. कुस्तीच्या फडातले पंचच जणू.

काकांनी सुरुवात केली. "सिस्टर, प्रभूनं मला..."

"आधी सिस्टर म्हणायचं बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाचं बोलताय आणि बहीण म्हणताय. आणि प्रभूला जरा वेळ बाजूला बसू द्या. तो काही उठून जात नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

ह्यांनी तोंड उघडलं. मी बिस्किटांची बशी त्यांच्या पुढ्यात धरली.

काकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. घालूनही त्यांना सासूबाईंकडे बघवेना, तेव्हा ते बशीकडे बघत बोलले.

"मला तुमच्याशी बोलायला आवडतं. तुम्ही दुकानात येऊन गेलात की उरलेला दिवस बरा जातो. तुमच्या चष्म्याचा तो स्क्रू... तो मी कधी पुरता पिळला नाही. सैल ठेवायचो. म्हणजे तुम्ही परत याल." ते कानापर्यंत लाल झाले. "हे आधीचं. दर्शन नंतरचं. का तेच दर्शन होतं, ते मला नाही कळत. पास्टरांना कळेल."

पास्टरांना कळत होतं असं चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. ते आईकडे बघत होते.

सासूबाई म्हणाल्या, "लाँड्रीतल्या इस्त्र्या मी स्वतः खोलून जोडायचे. एवढासा स्क्रू मला घरी पिळता आला नसता?"

काकांना हे समजायला वेळ लागला. ते आधी गोंधळले, मग त्यांनी बशीवरून नजर उचलली, आणि मग जे काही त्यांच्या तोंडावर आलं ते बघून मला वाटलं की आराधनेत एवढे लोक हात वर करतात, त्यातल्या कितीजणांचा चेहरा असा होत असेल.

"घोरता का?" सासूबाईंनी विचारलं.

"आमची ही म्हणायची, हो."

"मग दोन खोल्यांचं घर बघावं लागेल."

हा त्यांचा होकार होता. हे भानावर येऊन म्हणाले, "आई, पण वडीलमंडळी... निदान प्रार्थना तरी..."

"कर की. आत्ताच कर. आभाराची कर."

ह्यांनी प्रार्थना केली. हॉलमध्ये तासभर खणखणीत प्रार्थना करणारा माणूस, दोन वाक्यांतच आवाज चिरकला. तिसऱ्या वाक्यात नुसतं "आई" म्हणाले आणि आमेन म्हणून मोकळे झाले.

मी चहाचं दुसरं आधण ठेवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. आनंद होताच, नाही कशाला म्हणू. पण मला हेवा वाटला. ह्या वयात सासूबाईंना कुणीतरी लाल होऊन सांगितलं होतं की तुम्ही यावं म्हणून मी काहीबाही केलं. आणि मी तर उघडलेल्या दारातून आत आलेली.

थोड्या वेळानं हे आत आले. माझे डोळे बघून त्यांना वाटलं, सासूबाई जाणार म्हणून. म्हणाले, "अगं, आई काही लांब जात नाहीये. कोपऱ्यावर तर दुकान आहे."

मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी दारातून दुसरी कुणी आली असती तर?"

कुठला दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांचं पास्टरांचं हसू अर्ध्यापर्यंत आलं. देवाची योजना जिभेच्या टोकावर आली असणार. मग बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचं बोलणं ऐकू आलं, त्यांनी काकांच्या कॉलरीचा विषय काढला होता, आणि ह्यांचं हसू तिथंच मावळलं.

"आली होती," हे म्हणाले.

"कोण आली होती?"

"झाडूपोछावाली मावशी. तुझ्या आधी तीच आली. बादली आपटली, मला म्हणाली, बाजूला सरक. मी सरकलो. पण डोळे नाही उघडले. तिनं तेवढी फरशी पुसली, मागच्या दारानं गेली, तोवर तसाच बसलो. मग तुझ्या चपला वाजल्या, तेव्हा उघडले."

मी विचारलं, "आणि तो आवाज?"

"आवाज नव्हता." ते ओट्याच्या कडेकडे बघत होते. "खिडकीतून तू रस्ता ओलांडताना दिसलीस. मी पळत जाऊन गुडघे टेकले. मला तू कधीची आवडत होतीस. पण तू त्या बँकेतल्या मुलाला नाही म्हणाली होतीस, तो एवढा टापटीप. आणि माझ्या नखांत सदा हिरवा नाहीतर तपकिरी रंग. मी विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. देवाला नाही म्हणणार नाहीस, एवढं मला माहीत होतं." मग अगदी हळू म्हणाले, "पुढं इतक्यांदा सांगितलं की आता मलाच तो आवाज आठवतो."

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं पुलपिटावरून एवढी मोठी थाप. ड्रमवाल्याचे आवाज, पळालेला कीबोर्ड, मान खाली घालून हो म्हणालेल्या त्या पोरी, सगळं ह्या एका थापेच्या पोटी. राग आलाही, पण नंतर, आणि तो मी व्यवस्थित काढला. त्या क्षणी मला नुसता आनंद झाला. रंगाच्या दुकानात चुकून जास्त आलेले सुटे पैसे परत करायला पळणारा हा माणूस. देवाच्या नावानं खोटं बोलायची ज्याची छाती नाही, तो आयुष्यात एकदा बोलला होता, आणि ते माझ्यासाठी.

"पुढच्या रविवारी जोडप्यांचा रविवार आहे," हे म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता. "खरं सांगावं लागेल. मंडळी काय म्हणेल कुणास ठाऊक. कदाचित नवा पास्टर बघतील."

"बघू देत. तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मावशीसकट सांगा. आणि ड्रमवाल्याला पहिल्या रांगेत बसवा."

त्यांनी मान हलवली. घाबरले होते, पण हलवली.

"पण त्याच्या आधी मला विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"जे तेव्हा विचारलं नाहीत ते."

हे आधी हसायला गेले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसले नाहीत. हात पँटीला पुसले, नखांत आता रंग नाही तरी पुसले, आणि म्हणाले, "माझ्याशी लग्न करशील?"

"प्रार्थना करून सांगते," मी म्हटलं.

आणि ते खरोखरच वाट बघत उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडून, काय उत्तर येईल ते माहीत नसलेल्या माणसासारखे. चहा उकळून वर येईपर्यंत मी त्यांना तसंच उभं ठेवलं. मग गॅस बारीक केला आणि हो म्हणाले.